हुलाओसमोर घोडदळ का अडकतं: ‘थ्री किंगडम्स ११’मधल्या लढाईचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स ११’ या प्राचीन चीनवरच्या संगणक-खेळातला साल १९०चा डाव, सत्ता बळकावलेल्या डोंग झुओविरुद्धच्या आघाडीचा. खेळाडूने आघाडीतला त्साओ त्साओ निवडला, आणि त्याला त्याच्या चेनल्यू शहरात शेतं बांधायला ठेवलं. चेनल्यूहून प्रत्येकी पाच हजारांच्या तीन तुकड्या हुलाओच्या नाक्यावर पाठवल्या, दोन घोडदळाच्या आणि एक भालाइतांची. समोरून डोंग झुओचा सरदार ल्यू बू बाहेर आला आणि पहिली घोडदळ तुकडी दोन फेऱ्यांत संपली. उरलेल्या दोन नाक्यापाशी पोचल्या, पण तिथे त्यांना एकही डाव, म्हणजे खास हल्ला, टाकता येईना, बटण करडंच दिसत होतं. प्रश्नकर्त्याचं म्हणणं, "सैन्य माझं जास्त, सरदारही चांगले. मग कोणतं दळ घेऊन जाऊ?"

दळ बदलून हा प्रश्न सुटणार नाही. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. ल्यू बूसमोर तुम्ही ताकदीला ताकद भिडवलीत, आणि नाक्यासमोर तुमच्या तुकड्यांकडे माणसं होती पण जोम नव्हता. दुसरी चूक जास्त महाग पडते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी एक कबुली. पुढचं सगळं तुमचे सरदार कोण, अवघडपणाची पातळी कोणती आणि कोणती तंत्रं शिकून झाली आहेत यावर थोडंफार बदलतं. डावांची इंग्रजी नावंही जपानी आणि चिनी आवृत्त्यांपेक्षा वेगळी आहेत. त्यामुळे मी नावांऐवजी तो डाव काय करतो ते सांगतो. पडद्यावरच्या वर्णनावरून तुम्हाला तो लगेच ओळखता येईल.

सैनिकांच्या आकड्याशेजारी दिसणारा दुसरा आकडा म्हणजे जोम. त्याची कमाल मर्यादा १०० असते, आणि कसलेल्या सैनिकांचं तंत्र शिकल्यावर ती १२०वर जाते. दळाचे खास डाव, म्हणजे भाल्याने ढकलणं, हॅलबर्डने ओढून घेणं, आगीचे बाण, घोडदळाची धडक, आणि त्याचबरोबर बुद्धीचे कावे, म्हणजे आग लावणं, गोंधळ उडवणं, खोटी बातमी पेरणं, हे सगळं याच एका थैलीतून खर्च होतं. डाव फसला तरी खर्च व्हायचा तो होतोच. थैली रिकामी झाली की उरतो तो साधा वार. साध्या वाराने नाका पडत नाही असं नाही, पण तोवर तुमचं धान्य संपलेलं असतं.

मग तुमच्या तुकड्या कमी जोमाने का निघाल्या? माझा अंदाज, निघण्याच्या आधीच्या एक-दोन फेऱ्यांत तुम्ही भरती केलीत. नवे सैनिक आले की शहराचा जोम खाली येतो, आणि तुकडी शहराचा जो काही जोम असेल तोच घेऊन बाहेर पडते. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: भरती, मग कवायत, आणि मगच कूच. शहराचा जोम ९०च्या वर गेल्याशिवाय मी चढाईला तुकडी काढत नाही. बचावाला मात्र जेवढा असेल तेवढ्यावर निघावं लागतं, तिथे इलाज नसतो. कूच करण्याच्या पडद्यावरच एक छोटा हिशेब करा. जो डाव तुम्ही मुख्यतः वापरणार, त्याच्यासमोर लिहिलेला खर्च पाहा आणि जोमाला त्याने भागा. खर्च २० आणि जोम ६० असेल तर तुमच्याकडे तीन डाव आहेत. एक फसला तर दोन. चेनल्यू ते हुलाओ या वाटेत ल्यू बूशी झुंजताना तेवढे कधी संपले ते कळलंही नसणार.

वाटेत जोम भरून काढायची सोय आहे. तुकडीजवळ सोनं असेल तर ती मैदानात वाद्यांचा चौथरा बांधू शकते, आणि त्याच्या आसपासच्या आपल्या तुकड्यांचा जोम दर फेरीला थोडाथोडा वाढतो. लांबच्या वेढ्यात मी पहिल्यांदा हाच बांधतो, नाक्याच्या माऱ्यापासून दोन-तीन घरं मागे. बांधकामाला वेळ लागतो, म्हणून तो लढाई सुरू होण्याआधी हाती घ्यावा. जोम संपल्यावर चौथरा आठवून उपयोग नाही. कूच करताना सोनं बरोबर द्यायला लोक विसरतात, कारण पडद्यावर धान्याचा आकडा ठळक दिसतो आणि सोन्याचा शून्यावरच राहतो.

आता घरांबद्दल. या खेळाचा नकाशा म्हणजे अख्ख्या चीनचं एकच मैदान, षट्कोनी घरांचं. एक फेरी म्हणजे दहा दिवस, महिन्याला तीन. या मालिकेच्या नवव्या भागात आधी हुकूम द्यायचे आणि मग सगळ्यांची सैन्यं एकदम हलायची. इथे तसं नाही. तुमच्या पाळीत तुम्ही एकेक तुकडी हलवता, तिचा परिणाम लगेच डोळ्यांनी पाहता आणि मग पुढची हलवता. या फरकाचा अर्थ फार मोठा आहे. पहिल्या तुकडीने शत्रूला एका घराने सरकवलं तर दुसरी तुकडी त्या बदललेल्या मांडणीवर खेळते. म्हणून तुकड्यांचा क्रम हेच इथलं मुख्य हत्यार आहे. बुद्धिबळात सोंगटी मारण्याआधी ती कुठे ओढून आणायची याचा विचार करतात, तसाच इथे करा.

त्रिकोण सगळ्यांना पाठ असतो: भाला घोडदळावर भारी, घोडदळ हॅलबर्डवर, हॅलबर्ड भाल्यावर. हॅलबर्ड म्हणजे भाल्याला आडवं पातं जोडलेलं शस्त्र. हान काळातल्या चिनी सैन्यात ते खरंच सर्रास वापरात होतं, पण हा नीटनेटका त्रिकोण मात्र खेळाची सोय आहे. त्या त्रिकोणाने वाराची ताकद थोडी इकडची तिकडे होते. डावांनी होतो तो परिणाम वेगळा, कारण डाव शत्रूची जागा बदलतो. भाल्याचा साधा डाव शत्रूला एक घर मागे ढकलतो आणि मोठा डाव दोन घरं. हॅलबर्ड उलटं करतो, स्वतः एक पाऊल मागे येऊन शत्रूला आपल्या रिकाम्या झालेल्या घरात ओढतो, म्हणून त्याच्यामागचं घर मोकळं हवं. त्याचे वरचे डाव दोन्ही बाजूंच्या किंवा चहूकडच्या तुकड्यांना एकाच वेळी झोडपतात. घोडदळाचे डाव तुकडीला स्वतःलाच पुढे नेतात, एक तर शत्रूच्या आरपार पलीकडे जातो. देखणा डाव आहे, आणि तुमची पहिली तुकडी बहुधा त्यानेच गेली.

कारण असं की शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल पडलं की चाल तिथेच थांबते. त्याला वळसा घालून निघून जाता येत नाही. आरपार गेलेलं घोडदळ शत्रूच्या पाठीमागे एकटं उभं राहतं, त्याच्या आजूबाजूला दोन-तीन शत्रू, आणि पुढच्या पाळीत परत यायला वाट नाही. ल्यू बूचं खास कौशल्य नेमकं याच्या उलट आहे. शेजारच्या घराची ही अडकण त्याला लागत नाही, त्यामुळे तो तुमच्या पहिल्या रांगेला बगल देऊन मागच्या कमकुवत तुकडीवर येतो. त्याला ‘अडवून’ ठेवायला उभी केलेली भिंत फुकट जाते. घोडदळाचा आरपारचा डाव मी तेव्हाच टाकतो जेव्हा पलीकडे माझीच तुकडी आधीपासून असते, किंवा त्या वाराने समोरची तुकडी संपणार हे नक्की असतं.

ल्यू बूवर उपाय काय? त्याची युद्धक्षमता १०० आहे, पण बुद्धी तिशीच्याही खाली. आणि तुम्ही त्साओ त्साओ आहात. त्साओ त्साओचं खास कौशल्य असं की समोरच्या तुकडीची बुद्धी त्याच्यापेक्षा कमी असेल तर त्याचा कावा फसत नाही. म्हणजे तुमच्या हातात या डावातलं सगळ्यात खात्रीचं हत्यार होतं आणि तुम्ही त्याला चेनल्यूत शेतं बांधायला बसवलंत.

मांडणी अशी करा. दोन भालाइतांच्या तुकड्या पुढे, शेजारी-शेजारी, मध्ये घर न सोडता. त्यांच्यामागे एक क्रॉसबोची तुकडी, आणि तिच्या बाजूला त्साओ त्साओची स्वतःची. ल्यू बू जवळ आला की पहिली चाल त्साओ त्साओची, गोंधळ उडवायचा कावा. गोंधळलेली तुकडी हलत नाही, आणि तिच्यावर टाकलेला डाव फसायची भीती जवळपास उरत नाही. दुसरी चाल क्रॉसबोची, आगीचा बाण, म्हणजे ल्यू बू उभा असलेलं घर पेटतं. तिसरी आणि चौथी भालाइतांची. इथेच बहुतेक जण घाई करतात आणि सवयीने ढकलण्याचा डाव टाकतात. ढकललं तर तो आगीतून बाहेर पडेल. गोंधळलेल्या तुकडीला पेटत्या घरावर ठेवून साधे वार किंवा न ढकलणारा डाव टाका, म्हणजे आग पुढच्या फेरीतही त्याला चटके देत राहील. ढकलायचं ते पेटत्या घरात, बाहेर नाही.

एक तपासणी मात्र आधी करा. ल्यू बूच्या तुकडीत दुय्यम सरदार कोण आहे ते पाहा. तुकडीत एक मुख्य आणि दोन दुय्यम सरदार असू शकतात, आणि दुय्यम हुशार असेल तर तुकडीची बुद्धी वर जाते. डोंग झुओकडे जिया शू आणि ली रू यांच्यासारखे डोकेबाज लोक आहेत. त्यांपैकी कोणी बरोबर असेल तर आकडा पाहूनच कावा टाका. आणि त्साओ त्साओला कधीही पहिल्या रांगेत नेऊ नका. राजा पकडला गेला तर एका नाक्यापायी फार मोठी किंमत मोजावी लागते.

तुमच्या स्वतःच्या तुकड्यांतही हेच लागू होतं. दोन-दोन चांगले सरदार वेगवेगळ्या तुकड्यांत वाटण्यापेक्षा एकमेकांना पूरक लोक एकत्र घाला: एक नेतृत्वासाठी, एक त्या दळातल्या प्राविण्यासाठी, एक कौशल्यासाठी. दळातलं प्राविण्य सी, बी, ए, एस अशा पायऱ्यांत दिसतं, आणि वरच्या पायरीला जड डाव उघडतात, शिवाय ते फसतात कमी. दुय्यम सरदाराचं कौशल्य पूर्ण तुकडीला मिळतं. त्याच्या आकड्यांचा फायदा किती मिळेल ते मात्र नात्यावर ठरतं. मानलेले भाऊ, नवरा-बायको किंवा जिवलग असतील तर भरपूर, एकमेकांचं तोंड न पाहणारे असतील तर जवळपास काहीच नाही. शिवाय असे जवळचे सरदार दोन वेगळ्या तुकड्यांत असतील आणि दोघांच्या मधे एकच शत्रू असेल, तर एकाच्या वारात दुसरा आपणहून सामील होतो, तेही जोम न खर्चता. ल्यू बेई, गुआन यू आणि झांग फेई या तिघा मानलेल्या भावांना एकाच तुकडीत कोंबायचं की शत्रूभोवती तीन बाजूंनी उभं करायचं, हा या खेळातला जुना वाद आहे. सैनिक पुरेसे असतील तर मी तीन तुकड्या करतो.

पाच हजारांची मर्यादाही याच्याशी जोडलेली आहे. बिनहुद्द्याच्या सरदाराला पाच हजारच सैनिक मिळतात. हुद्दा वाढला की संख्या वाढते, आणि सैन्यरचना सुधारण्याचं तंत्र शिकलं की सगळ्यांना आणखी तीन हजार. त्यामुळे कागदावर पंधरा हजार सैन्य असलं तरी समोरचा मोठ्या हुद्द्याचा एकच सरदार तुमच्या दोन तुकड्यांएवढा असू शकतो. शिवाय पाच हजार भालाइतांना पाच हजार भाले लागतात आणि घोडदळाला तितके घोडे. हत्यार कमी पडलं तर माणसं तलवारवाल्यांत जातात, आणि तलवारवाल्यांना डावच नाहीत. चेनल्यूत लोहारशाळा आधी आणि तबेला नंतर, असा क्रम ठेवला तर सुरुवातीला जास्त तुकड्या खऱ्या अर्थाने लढाऊ होतात. घोडे ही नंतरची चैन आहे.

आगीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या भागात सगळ्यात जास्त माणसं तिनेच मरतात आणि नवखे खेळाडू तिला फक्त रंगीत परिणाम समजतात. रिकाम्या घरालाही आग लावता येते. अरुंद वाटेत, जिथे शत्रूला एकाच रांगेत यावं लागतं, तिथे त्याच्या पुढचं घर पेटवलं की त्याला आगीतून तरी चालावं लागतं किंवा थांबावं तरी लागतं. मैदानात बांधायचे आगीचे सापळेही आहेत. एक जागच्या जागी स्फोट होऊन आजूबाजूची घरं पेटवतो, दुसरा पेटवल्यावर एका दिशेने घरंगळत जातो. त्यांची खरी मजा ढकलण्याच्या डावाबरोबर येते. सापळ्यापासून दोन घरांवर असलेल्या शत्रूला भाल्याने एक घर ढकलून सापळ्याच्या शेजारी आणा, आणि मग क्रॉसबोने सापळाच पेटवा. सापळ्याला सापळा लागून असेल तर आग पुढे जाते. पण तुमच्या तुकड्या कुठे आहेत ते आधी मोजा. आग कोणाची ते पाहत नाही, आणि क्रॉसबोचा चहूकडे बाण सोडणारा मोठा डावही आपल्या माणसांना लागतो.

२२२ साली यीलिंगला लू शुनने ल्यू बेईच्या लांबलचक पसरलेल्या छावण्या पेटवल्या, ती घटना या नियमांत अगदी तशीच घडवता येते. दाटीवाटीने उभं असलेलं सैन्य, जवळ जंगल आणि आगीला सरसावलेला शत्रू. म्हणून समोर झोउ यूसारखा सरदार असेल, ज्याला आगीचा चटकाच बसत नाही, तर तुकड्या एक-एक घर सोडून ठेवा. आधी मी ल्यू बूसमोर भालाइतांना चिकटून उभं करायला सांगितलं आणि आता अंतर ठेवायला सांगतो आहे, यात विरोध नाही. समोर कोण आहे त्यावर ते ठरतं, म्हणून शत्रूच्या तुकडीवर क्लिक करून कौशल्य वाचायची सवय लावा. पांग तोंग असेल तर अंतर आणखी महत्त्वाचं, कारण त्याचा एक कावा यशस्वी झाला की शेजारची तुकडीही त्याच काव्यात सापडते. तुमच्याकडे झाओ युन असेल तर त्याला अशा लोकांसमोर पाठवा, त्याच्या तुकडीवर कावे चालतच नाहीत. १९०च्या डावात हे तुमच्याकडे नाहीत, पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

जंगलाचा वेगळा हिशेब असतो. जंगलात उभ्या तुकडीवर क्रॉसबोचा नेम धरता येत नाही, तेवढं खास कौशल्य नसेल तर. घोडदळ तिथे रखडतं. भालाईत मात्र जंगलात बरे राहतात, आणि लपून छापा घालण्याचा कावाही तिथेच टाकता येतो. हुलाओकडे जाताना उघड्या वाटेने सरळ जाण्याऐवजी झाडीच्या कडेने गेलात तर एक फेरी जास्त लागेल, पण नाक्यावरून येणारा बाणांचा मारा आणि शत्रूचं घोडदळ, दोन्ही सौम्य होतील.

नाक्यापाशी पोचल्यावर काय करायचं ते आता सोपं आहे. शहर किंवा नाका दोन प्रकारे पडतो, आतले सैनिक संपले की किंवा भिंतीची मजबुती संपली की. यांपैकी एकच लक्ष्य ठरवा. आत सैनिक थोडे असतील तर क्रॉसबो आणि उंच बुरुजगाड्याने माणसं मारा. सैनिक भरपूर असतील तर दरवाजा फोडणारा गाडा भिंतीवर लावा. दोन्ही थोडं-थोडं केलं की दोन्ही अर्धवट राहतात. यंत्रांच्या तुकड्या जवळच्या मारामारीत अगदी दुबळ्या असतात, त्यांच्यापुढे भालाईत ठेवा, आणि ती कारखान्यात तयार व्हायला वेळ लागतो हे धरून एक ऋतू आधी कामाला लावा.

धान्याचं एकच सांगतो. कूच करताना पडद्यावर धान्य किती दिवस पुरेल ते दिसतं. जायला लागणारे दिवस, वेढ्याचे दिवस आणि परतीचे दिवस यांची बेरीज करून त्यावर निदान तीन फेऱ्या जास्त घ्या. धान्य संपलं की सैनिक पळू लागतात, आणि ते शत्रूने मारल्यापेक्षा लवकर संपतात. मागून रसद पाठवणार असाल तर रसदेची तुकडी एकटी सोडू नका. २०० साली ग्वांडूला युआन शाओचं मोठं सैन्य हरलं ते त्याचं वूचाओचं धान्य जळाल्यामुळे, आणि ते जाळणारा तुमचाच त्साओ त्साओ होता. खेळातला संगणकही तुमच्या रसदेवर तुटून पडतो. उलट बाजूने, भालाइतांच्या तंत्रांत शत्रूचं धान्य हिसकावण्याचं एक तंत्र आहे. लांबच्या चढाईत मी ते सुरुवातीलाच शिकून घेतो.

नदीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण हुलाओ घेतल्यावर दक्षिणेकडे वळाल तेव्हा समोर येईल. पाण्यात शिरलेली तुकडी आपोआप नावांवर चढते आणि जमिनीवरचे डाव तिथे चालत नाहीत, प्राविण्य पाहिलं जातं ते जहाजांचं. उत्तरेकडच्या बहुतेक सरदारांचं ते यथातथाच असतं. यांगत्सेवर उतरायच्या आधी जहाजं बांधून घ्या, नाहीतर हलक्या होड्यांवर झोउ यूला भेटाल.

तेव्हा पुन्हा सुरू करताना एवढं करून पाहा. चेनल्यूत दोन फेऱ्या फक्त कवायत, घोडदळाच्या जागी दोन भालाइतांच्या तुकड्या, एक क्रॉसबो, मागे त्साओ त्साओ, आणि एका तुकडीच्या हातात चौथऱ्यापुरतं सोनं. ल्यू बू बाहेर आला तर गोंधळ, आग आणि वार याच क्रमाने. तो बाहेर आलाच नाही, तर खरी पंचाईत तुमची नसून डोंग झुओची आहे: नाक्याच्या आत बसलेल्या ल्यू बूचं घोडं काही कामाचं नसतं.